ग्रीन टी पुन्हा कडू झालाय? आधी सांगा, नक्की लागतो कसा

आमच्या घरात गेल्या सहा वर्षांत ग्रीन टी किमान पाच वेळा 'सोडला' गेला. दर वेळी कारण एकच, कडू लागतो. आणि निष्कर्षही ठरलेला, स्वस्तातला आणलाय ना, मग असाच असणार. मग कुणीतरी महागाचा डबा आणायचा, आठवडाभरात तोही कडू लागायचा, आणि पुन्हा आलं ठेचून दुधाचा चहा सुरू.

पाचव्या वेळी मी हट्टाला पेटले. छडा लावता लावता लक्षात आलं की आम्ही सगळे 'कडू' या एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी कोंबत होतो. नवऱ्याचा कडू म्हणजे खरं तर तुरट. सासऱ्यांचा कडू म्हणजे पाणचट, पण तसं म्हटलं तर सुनेला वाईट वाटेल म्हणून ते कडू म्हणायचे. मे महिन्यातला कडू हा मचूळ निघाला आणि पावसाळ्यातला कुबट. चारही बिघाडांची कारणं निराळी, उपाय निराळे, आणि एकातही चहाच्या किमतीचा संबंध नाही. तेव्हा पुढे वाचण्याआधी एक घोट जिभेवर घोळवा आणि नेमका शब्द शोधा. चवीच्या शब्दांना मराठीत काही तोटा नाही.

कडू किंवा तुरट

बहुतेकांचं दुखणं इथेच असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपला हात उकळीला सरावलेला आहे. आधण ठेवायचं, साखर, पावडर, खळखळून उकळी, दूध, परत उकळी. वर आल्यावर गॅस बारीक करायचा, हे झोपेतही जमतं. आपली नेहमीची दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी. पान चिरून, फाडून, वळून तिचे दाणे केलेले असतात, ते दुधाशी टक्कर घ्यायलाच. तिला उकळी सोसते, किंबहुना लागते.

ग्रीन टीचं झाड तेच, प्रक्रिया वेगळी. पान खुडल्यावर लगेच त्याला आच देतात. चीनमध्ये बहुतेक कढईत परतून, जपानमध्ये वाफेवर. त्यामुळे पान काळवंडायची क्रिया तिथेच थांबते आणि त्यातली कॅटेचिन नावाची द्रव्यं जवळपास जशीच्या तशी राहतात. ही कॅटेचिनं आणि कॅफीन कडक गरम पाण्यात भराभर उतरतात. कडूपणा आणि तुरटपणा त्यांचाच. उलट ज्यांच्यामुळे चहाला मागाहून गोडसर, भरीव चव येते ती थिअनिनसारखी अमिनो आम्लं कमी गरम पाण्यातही मजेत उतरतात. म्हणजे पाणी निवलं की गोडवा येतो आणि कडूपणा बराचसा पानातच राहतो. सगळी गोम एवढीच आहे.

माझा विश्वास बसला तो एका रविवारी. केक करणाऱ्या जाऊबाईंकडून थर्मामीटर मागून आणला आणि ओट्यावर तीन पांढऱ्या वाट्या मांडल्या. चहा एकच, हिमाचलातल्या पालमपूरकडचा कांगडा ग्रीन टी, १०० ग्रॅमला २८० रुपयेवाला. प्रत्येक वाटीत २ ग्रॅम पत्ती, १५० मिली पाणी, बरोबर दोन मिनिटं. पहिल्या वाटीत गॅसवरून थेट उतरवलेलं, दुसरीत ८० अंशांचं, तिसरीत ७० अंशांचं. पहिलीचा रंग मळकट पिवळा, तपकिरीकडे झुकलेला. दुसरीचा मुगाच्या कढणासारखा. तिसरीचा शहाळ्याच्या पाण्याहून जेमतेम गडद. पहिली नवऱ्याने तोंडाला लावून लगेच खाली ठेवली. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी कोरडी पडते, तसं झालं म्हणाला. दुसरी संपवली आणि विचारलं, हा कुठला, नवीन महागातला आणलास का? तिसरी त्याला मिळमिळीत वाटली, मला तीच आवडली. त्या दिवशी घरातला 'स्वस्तातला' हा शब्द बंद झाला.

थर्मामीटर परत करावा लागला, पण त्याच्यावाचून अडलं नाही. तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं प्यायचं पाणी एकत्र करा, ८० अंशांच्या आसपास येतं. दोनास एक घेतलं तर साधारण ७४. साधं पाणी फ्रिजमधलं नको, बाहेरचं. पाणी आधीच उकळून बसला असाल तर झाकण काढून ठेवा. माझ्या अर्ध्या लिटरच्या पातेल्यात ८० वर यायला सहा-सात मिनिटं लागली. घाई असेल तर या भांड्यातून त्या भांड्यात दोनदा ओता, प्रत्येक वेळी बरीच उष्णता निघून जाते. नुसत्या डोळ्यांनीही जमतं. चिनी लोक बुडबुडे बघून कोळंबीचे डोळे, खेकड्याचे डोळे, माशाचे डोळे अशा पायऱ्या सांगतात. माझ्या डोक्यात मोहरी आणि साबुदाणा बसलेत. तळाला मोहरीएवढे बुडबुडे धरले की जपानी चहाला ठीक, साबुदाण्याएवढे होऊन वर सुटू लागले की बाकीच्या ग्रीन टीला ठीक. फक्त इथे पाण्याला पूर्ण उकळी येत नाही, म्हणून ते आधी उकळून निवलेलं किंवा फिल्टरचं असू द्या.

(महाबळेश्वरला गेलात तर हे गणित थोडं हलेल. साडेतेराशे मीटरवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला. तिथे हॉटेलातल्या खोलीत केलेला ग्रीन टी बरा लागला तर हवेला सगळं श्रेय देऊ नका.)

पाणी बरोबर असूनही कडू? मग घड्याळ बघा. ग्रीन टीला दीड ते दोन मिनिटं पुरतात, पिशवीतल्याला एकच. पिशवीत बहुधा पानांचा चुरा असतो, तो झटक्यात उतरतो. आणि पिशवी कपात तशीच सोडून मोबाइल बघत बसायचं, शेवटी चमच्याने दाबून पिळायची, हे दोन्ही बंद करा. पत्तीवाल्यांनी गाळताना शेवटचा थेंब निथळू द्यावा. किटलीत पाण्यात बसलेली पत्ती आपलं काम थांबवत नाही, दुसरा कप त्यामुळेच विषासारखा होतो.

आणखी एक सापळा, चमचा. गनपावडर नावाचा चिनी ग्रीन टी स्वस्त असतो आणि टिकतो. त्याची पानं मिरीच्या दाण्यासारखी घट्ट वळलेली असतात. माझ्या चहाच्या चमच्यात ती सव्वातीन ग्रॅम भरली. पॅकवर 'एक चमचा' लिहिलेलं वाचून कुणी शीग लावून घातला तर दीड-दोन कपांची पत्ती एका कपात गेली. मोरोक्कोत याच चहात मूठभर पुदिना आणि भरपूर साखर घालतात. तोंड वाकडं करून मध-लिंबू पिण्यापेक्षा हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो.

जाता जाता, आमच्या आजोळी 'हिरवा चहा' म्हणजे परसातल्या गवती चहाची पात. त्याचा या झाडाशी काही संबंध नाही, पण दोघांचं जमतं छान. गवती चहाला उकळी लागते, ग्रीन टीला चालत नाही. म्हणून पात आधी पाण्यात चांगली उकळून घ्यायची, गॅस बंद, त्यात पाव हिस्सा साधं पाणी, मग ग्रीन टी. एकत्र उकळले की दोन्ही वाया.

पाणचट

ही तक्रार बहुतेकदा व्हाइट टीची, म्हणजे त्याच झाडाच्या आणखी एका चहाची. मी पहिल्यांदा केला तेव्हा बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कपात डोकावून विचारलं, "अगं, पत्ती घालायची राहिली का?"

राहिली नव्हती, पण जवळपास राहिल्यासारखीच होती. व्हाइट टीमध्ये कळ्या आणि कोवळी पानं नुसती सुकवतात. ना वळणं, ना मळणं. त्यामुळे ती पत्ती पिसासारखी हलकी आणि फुगीर असते. गनपावडरचे सव्वातीन ग्रॅम मावले त्याच चमच्यात बाय मुदान नावाच्या व्हाइट टीचे जेमतेम पाऊण ग्रॅम बसले. मी एकेक चमचा घालत होते. तिथेच चूक. एका कपाला तीन चमचे, किंवा बोटांच्या चिमटीने भरघोस, किंवा सरळ छोटा वजनकाटा. मी सोनारी छापाचा खिशातला काटा आणला, तीनशेच्या आतबाहेर मिळाला, आणि आता त्यावर यीस्टही मोजते.

दुसरी चूक म्हणजे ग्रीन टीचा धडा इथे गिरवला, पाणी फार निववलं. पानं वळलेली नसल्यामुळे चव सावकाश उतरते. सगळ्या कळ्यांचा, नाजूक चहा असेल तर ८० ठीक, पण पानांच्या स्वस्त व्हाइट टीला ८५ ते ९० अंशांचं पाणी द्या आणि चार-पाच मिनिटं झाकून ठेवा. धीर धरा. रंग फिकट गवताचाच येतो, चव मात्र असते. खरबुजाच्या सालीजवळचा भाग आठवेल.

स्वस्त व्हाइट टी ही थट्टा नाही. या चहाचं माहेर चीनचा फुजियान प्रांत, त्यातलं फुदिंग आणि झेंगहे. तिथे नुसत्या कळ्यांचा 'चांदीची सुई' म्हणून ओळखला जाणारा चहा सगळ्यांत महाग. एक कळी आणि एकदोन पानं असलेला बाय मुदान त्याखाली. आणि मोठ्या, थोड्या जून पानांचा शौ मेई सगळ्यांत स्वस्त. माझं मत विचाराल तर आपल्यासारख्या उकळीबहाद्दरांनी शौ मेईपासूनच सुरुवात करावी. तो चुका पोटात घालतो. जुना शौ मेई तर चिनी लोक चक्क उकळूनही पितात. दार्जिलिंग आणि निलगिरीतही व्हाइट टी होतो. कळ्यांचा परवडत नाही, पण पानांचा किंवा तुकड्यांचा शोधला तर सापडतो.

'व्हाइट टीमध्ये कॅफीन नसतं' असं सांगून कुणी रात्री दहाला पाजत असेल तर थांबवा. कोवळ्या कळीत कॅफीन चांगलंच असतं. आमच्याकडे बाबा एकदा दोन वाजेपर्यंत जागे राहिले होते.

खर्चाचं आत्ताच सांगून टाकते. त्या २८० रुपयांच्या कांगड्याचे २ ग्रॅम म्हणजे ५ रुपये ६० पैसे. तीच पत्ती लगेच दुसऱ्यांदा भिजते, थोडं जास्त गरम पाणी आणि अर्धा मिनिट जास्त, म्हणजे कप पडला २ रुपये ८० पैशांना. मी शेवटचं पिशव्यांचं खोकं आणलं ते २५ पिशव्या १७० रुपये. कप पावणेसात रुपयांना आणि दुसऱ्या वेळी त्यातून फक्त रंग येतो. व्हाइट टी तर तिसऱ्यांदाही देतो. सुटी पत्ती महाग दिसते ती पाकिटावर, कपात नाही.

मचूळ

याने मला सगळ्यांत जास्त छळलं. पाणी ८०, पत्ती मोजून, वेळ मोजून, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सुरेख चहा. आणि एप्रिल संपता संपता एकाएकी बिघाड. रंग तपकिरी, वास गायब, कपाच्या वर एक पातळ तवंग, बोटाने हलवला तर तुकडे होणारा. चव कडूही नाही नि तुरटही नाही, नुसती मेलेली. मी पाकीट बदललं. तेच. दुकानदाराला दोन शब्द ऐकवूनही आले, ते आता परत घ्यावेसे वाटतात.

उत्तर मिळालं ते डाळीवरून. त्याच आठवड्यात तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही कच्ची राहिली आणि आमच्या कामाच्या मावशी सहज म्हणाल्या, "टँकरचं पाणी हाय ना ताई, डाळ कुठली शिजतेय." सोसायटीत टँकर सुरू झाले होते. आमचं एरवीचं नळाचं पाणी खडकवासल्याचं, सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं, हलकं. टँकरचं पाणी बोअरचं, जमिनीतून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन आलेलं, जड. शेजाऱ्यांच्या टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, नळाचं ८५ दाखवलं होतं, टँकरचं ६४०.

जड पाण्यात चहाचे गंध दबतात आणि पाणी अल्कधर्मी असल्याने कॅटेचिनं कपातच काळवंडायला लागतात, म्हणून तो तपकिरी रंग. खातरजमा करायची तर अर्धा थेंब लिंबू पिळा. रंग डोळ्यांदेखत फिका झाला तर संशय पाण्यावर घ्या. काश्मिरी लोक हीच गोष्ट मुद्दाम करतात. नून चायमध्ये हिरव्या चहाची पानं सोडा घालून खूप वेळ उकळतात, ती लालभडक होतात आणि दूध पडलं की गुलाबी. त्यांच्याकडे ती कला आहे. माझ्या ओट्यावर तो अपघात होता.

आमचा फिल्टर यूव्हीवाला. तो जंतू मारतो, क्षारांना हात लावत नाही, हे मला तेव्हा कळलं. उपाय दोन. टँकरच्या दिवसांत मी चहापुरतं पाणी आदल्या रात्री पाच-सात मिनिटं खळखळून उकळते, झाकून ठेवते, सकाळी तळाशी पांढरी भुकटी बसलेली दिसते, वरचं निवळ पाणी अलगद ओतून घेते. याने सगळा जडपणा जात नाही, पण चहा पिण्याजोगा होतो. पांढऱ्या पुटाने भरलेली किटलीही व्हिनेगरच्या पाण्याने साफ करून घ्या. दुसरा उपाय आरओचं, म्हणजे क्षारही काढून टाकणाऱ्या फिल्टरचं पाणी. मात्र काही यंत्रं पाणी इतकं रिकामं करतात की मीटरवर वीसच्या खाली जातं, आणि त्या पाण्यात चहा कसा तरी पोकळ लागतो. अशा वेळी त्यात थोडं उकळून निवळलेलं नळाचं पाणी मिसळा. ५० ते १५० च्या मध्ये कुठेतरी माझा चहा खुलतो.

क्लोरीनचा वास येत असेल तर ती वेगळी भानगड. पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलं किंवा उकळलं की बराचसा जातो.

कुबट, किंवा हिंगाचा

हा भाग छोटा आहे कारण दोष सरळ माझा होता. बाय मुदानचं अर्धं पाकीट रबर लावून मसाल्यांच्या फडताळात ठेवलं, शेजारी हिंगाची डबी. चहा आजूबाजूचे वास टिपकागदासारखा शोषतो. पंधरा दिवसांनी व्हाइट टीला फोडणीचा वास. मुलगी अजून त्याला 'वरणाचा चहा' म्हणते.

घट्ट झाकणाचा, आतून वास नसलेला स्टीलचा डबा घ्या, काचेची बरणी उजेडात ठेवू नका. पावसाळ्यात ओला चमचा घालू नका आणि उकळत्या किटलीवर पाकीट धरून पत्ती ओतू नका, वाफ आत जाते. फ्रिजमध्ये ठेवायचाच असेल तर न फोडलेलं पाकीट ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर पत्तीला घाम फुटतो. ग्रीन टी फोडल्यावर तीन-चार महिन्यांत संपवावा. एक किलो स्वस्त पडतो म्हणून आणू नका. व्हाइट टीचं उलट आहे. तो कोरडा राहिला तर वर्षानुवर्षं मुरतो. फुजियानकडे म्हणच आहे, एक वर्ष चहा, तीन वर्षं औषध, सात वर्षं खजिना. औषधाचं मला माहीत नाही, मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र हा खजिना बुरसेल.

आणि ज्यांना चव ठीक पण पोटात ढवळतं, त्यांनी उपाशी पोटी पिणं थांबवावं. दोन घास खाऊन प्या. जेवणाला लागूनही नको, डाळी-भाज्यांतलं लोह चहामुळे कमी शोषलं जातं. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी हे जास्त पाळावं.

मग शिळ्या पत्तीचं काय करायचं

वास गेलेला, जुना, फक्त तुरटपणा उरलेला ग्रीन टी घरोघरी असतो. दिवाळीत मिळालेल्या भेटीच्या खोक्यातला तर हमखास. टाकू नका. (हिंगाचा वास लागलेला मात्र टाका, मी तेही करून पाहिलंय.)

जाड बुडाची कोरडी कढई मंद आचेवर तापवा, मूठभर पत्ती घाला आणि रवा भाजतो तशी सतत हलवत राहा. दोन मिनिटांत हिरवा वास जातो, मग शेंगदाणे भाजल्यासारखा येतो, पत्ती बदामी-तपकिरी होते. धूर दिसायच्या आत ताटात काढा. कढईत ठेवली तर करपते. जपानात असा भाजलेला चहा होजिचा म्हणून विकतात, १९२० च्या दशकात क्योटोकडे त्याची सुरुवात झाली. भाजताना कडू-तुरट द्रव्यं कमी होतात, म्हणून याला चक्क उकळतं पाणी चालतं. बरोबर चमचाभर तांदूळ लालसर भाजून घातले तर आणखी खमंग लागतो. भाजक्या तांदळाचा चहाही जपान्यांकडे आहेच, गेनमाइचा.

मी गेल्या श्रावणात भाजत होते तर बाबा हॉलमधून उठून आले. "कॉफी दळतेस का?" एक कप दिला. संपवला. दुसरा मागितला. मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "यात थोडं दूध घातलं तर चालेल का गं?"

घातलं. चांगला लागतो.